डाव्या नळीतला कापूस

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आजी, पक्ष्यांच्या शिकारीला आणि क्ले शूटिंगला, दोन्हींना चालेल अशी भरवशाची बंदूक कोणती घेऊ? आजोबांनी त्यांची कशी निवडली होती?" मागून तुझी बहीण म्हणाली, "आजीला विचारू नकोस, ती वहीतलं पान क्रमांकासकट वाचून दाखवेल." आपण तिघंही हसलो आणि मी म्हटलं, सविस्तर लिहून पाठवते.

ती वही समोर घेऊनच बसले आहे. तुमचे आजोबा जाऊन आता दोन वर्षं होतील. ते असते तर तुला त्यांनी तासभर फोनवरून सोडलं नसतं. त्यांच्याइतकं मला त्यातलं कळत नाही. पण बंदूक निवडताना मी शेजारी होते आणि जे ऐकलं ते टिपून ठेवलं होतं. ते सगळं तुला सांगते. मात्र त्या बंदुकीची एक गोष्ट मी वहीत कधीच लिहिली नाही. ती गाळली तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच राहील, म्हणून तीही सांगणार आहे. तुझ्या बहिणीलाही वाचायला दे.

आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्या वर्षीची गोष्ट. लहानपणी ते त्यांच्या वडिलांबरोबर सायखेड्याच्या पुढे, गोदावरीच्या पाणथळीत बदकांच्या शिकारीला जात. पुढे शिकारीवर बंदी आली आणि घरातली जुनी बंदूक पेटीतच गंजून गेली. बंदी आली ते बरंच झालं, असं ते म्हणत. पण बंदूक खांद्याला लावल्यावर जे वाटतं ते त्यांना विसरता आलं नव्हतं. निवृत्तीनंतर एका मित्राबरोबर ते शहराबाहेरच्या रेंजवर गेले. तिथे यंत्रातून मातीच्या तबकड्या उडवतात आणि त्या हवेतच फोडायच्या असतात. त्या दिवशी घरात शिरतानाच त्यांचा चेहरा वेगळा होता. "आपल्याला बंदूक घ्यायचीय," म्हणाले. त्या "आपल्याला" मध्ये मीही होते, हे मला मागाहून कळलं.

आपल्या शहरातल्या द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत एका मिस्तरींचं बंदुकांचं लहानसं दुकान होतं. विक्रीचा परवाना होता, पण त्यांचा जीव दुरुस्तीत. ते मूळचे कळवणचे. त्यांचे वडील तिकडच्या शेतकऱ्यांच्या राखणीच्या बंदुका दुरुस्त करायचे, आणि आजोबांच्या वडिलांची बंदूकही त्यांच्याच हाताखालून गेलेली. म्हणजे ओळख दोन पिढ्यांची. मिस्तरी तेव्हा सत्तरीकडे झुकले होते. किडकिडीत अंग, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि बोलणं कायम तिरकं.

"साहेब, बंदूक मिरवायला पाहिजे का मारायला?"

"मारायला. पण मातीच्या तबकड्या."

"मग सोपं हाय. तबकडी रडत नाय," मिस्तरी म्हणाले. म्हणताना ते हसले नाहीत.

त्यांनी घोंगडीवर तीन बंदुका मांडल्या. पहिली नवीकोरी, देशी बनावटीची. दुसरी परदेशी, एका नळीवर दुसरी नळी असलेली, फार देखणी. तिसरी जुनी दुनळी, नळ्या शेजारी शेजारी. सायखेड्याच्या एका द्राक्षबागायतदारानं पीकराखणीसाठी ठेवलेली, त्याच्या मुलांना नको होती म्हणून दुकानात आलेली. आजोबांचा हात सरळ दुसरीकडे गेला.

"थांबा," मिस्तरी म्हणाले. "नवरी बघायला आल्यासारखं करू नका. डोळे मिटा."

आजोबांनी डोळे मिटले. मिस्तरींनी एकेक बंदूक त्यांच्या हातात दिली आणि डोळे मिटूनच ती खांद्याला लावायला सांगितली. मग म्हणाले, "आता उघडा." पहिल्या दोन्ही वेळा आजोबांना मान हलवून नेम शोधावा लागला. तिसरीच्या वेळी डोळे उघडले तेव्हा नळ्यांवरची पट्टी बरोबर डोळ्यासमोर, न मान हलवता. वहीत मी हे पहिल्या क्रमांकाला लिहिलं आहे आणि तुलाही तेच पहिलं सांगते: दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाची, लांबी आणि उतार आपल्या अंगाला बसला पाहिजे. बाकीचं सगळं नंतर. तू तिकडे परदेशात, रीतसर परवानगीनं, पक्ष्यांवरही बंदूक चालवणार म्हणतोस, तर हे जास्तच लक्षात ठेव. तबकडी चुकली तर तिचं काही जात नाही. पक्षी अर्धा चुकला तर तो झुडपात जाऊन दोन दिवसांनी मरतो.

मग मिस्तरींनी तिसरी बंदूक उघडून नळ्या सुट्या केल्या. एका बोटावर टांगून दुसऱ्या हाताच्या पेरानं टिचकी मारली. पितळी घंटेसारखा स्वच्छ आवाज आला आणि बराच वेळ राहिला. "बद्द वाजली असती तर समजायचं, जोड कुठंतरी सुटलाय," म्हणाले. पुन्हा जोडून, बंद करून, कानाशी धरून हलवली. बिजागरी खिळखिळी नव्हती. दोन्ही चाप ओढून पाहिले. एक हलका आणि एक जड असं नव्हतं. वजनाबद्दल त्यांचं म्हणणं असं, की हलकी बंदूक दिवसभर चालायला बरी पण खांद्याला धक्का फार देते. जड बंदूक रेंजवर उभं राहून मारायला बरी पण रानात दुपारपर्यंत हात ओढते. दोन्ही कामं एकीकडूनच हवी असतील तर मधली घ्यावी आणि कुठल्याच बाजूनं कुरकुर करू नये. आणखी एक: जिचा सुटा भाग आपल्या गावात कुणी बनवून देऊ शकणार नाही, ती बंदूक कितीही चांगली असली तरी आपली नाही.

हे सगळं झाल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"वहिनी, इकडं या. साहेबांचं मन आता हिच्यावर बसलं. त्यांना दोष दिसायचा नाय. तुम्ही बघा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"बांगडी घेताना उजेडाकडं धरून तडा बघता का नाय? तसंच."

मी नळी दाराकडच्या उजेडाकडे धरली आणि आत डोळा लावला. आत प्रकाशाच्या गोल कड्या होत्या, एकात एक, दूर लहान होत गेलेल्या. मिस्तरी म्हणाले, एखादी कडी वाकडी दिसली की तिथे पोचा समजायचा, आणि कड्या दिसल्याच नाहीत तर आत काहीतरी अडकलंय. "मारायच्या आधी एकदा बघायचं, आन् मारून झाल्यावर एकदा. बंदूक दगा देत नाय वहिनी, आत राहिलेलं काहीतरी दगा देतं." मी दोन्ही नळ्या पाहिल्या. कड्या सरळ होत्या. तीच बंदूक घेतली.

पुढची दोन वर्षं तुमच्या आजोबांचे रविवार रेंजवर गेले. त्यांना एकच अडचण येत होती. त्या बंदुकीची डावी नळी तोंडाशी बरीच आवळलेली होती. त्याला चोक म्हणतात. नळीचं तोंड आतून अरुंद असलं की छर्रे एकत्र राहून दूर जातात. लांबच्या शिकारीला ते ठीक. पण तबकड्या जवळून उडतात, तिथे छर्रे थोडे पसरलेले हवेत. तिसऱ्या वर्षी, नवरात्राच्या आधी, आजोबांनी डावा चोक मोकळा करायला बंदूक मिस्तरींकडे दिली. आतून धातू खरवडून काढायचा, अगदी केसभर. जास्त गेला तर नळी पातळ होते. मिस्तरींच्या डोळ्यांना तेव्हा मोतीबिंदूची सुरुवात झाली होती. त्यांनी भिंगाखाली काम केलं, दोनदा मापलं, माप त्यांच्या वहीत लिहिलं आणि बंदूक परत दिली. "सगळा नाय काढला. थोडा ठेवलाय, हवा तर लागेल," म्हणाले.

आता खंडेनवमी.

तुम्ही इथे असताना पाहिलं आहे, त्या दिवशी आपण घरातल्या साऱ्या हत्यारांची पूजा करतो. पाटावर शिवणाची कात्री, विळी, आजोबांची पाण्याची पातळी मोजायची जुनी उपकरणं, तुमच्या आईचा लॅपटॉप, आणि मधोमध बंदूक. आजोबांनी आदल्या दिवशी ती स्वतः साफ करून, तेल लावून ठेवली होती. "हळदकुंकू दस्त्याला लाव, नळीला नको," त्यांनी मला बजावलं. "आणि पाण्याचा थेंबही जवळ नको. गंज येतो."

त्या सकाळी मी दारावर आलेल्या फुलवालीकडून झेंडू घेतला. ती मखमलाबादकडची, घरच्या मळ्यातली फुलं घेऊन यायची. मला देठासकट हवी होती. "देठाला काय करता बाई, देठ कुणी वाहतं का देवाला?" म्हणून ती हसली. मला काय करायचं होतं ते माझ्या डोक्यात पक्कं होतं. पाटावर आडव्या ठेवलेल्या बंदुकीच्या दोन नळ्या मला दोन फुलदाण्यांसारख्या दिसत होत्या. प्रत्येकीत एकेक झेंडू खोचला. ते सैल बसत, पडत. शिवाय दसऱ्यापर्यंत पूजा हलवायची नसते, म्हणजे ती दुसऱ्या दिवसापर्यंत टवटवीत राहायला हवी होती. म्हणून मी देवाच्या वातींसाठी आणलेला कापूस घेतला, ओला केला, पिळला, आणि देठाभोवती बोळा गुंडाळून फुलं नळ्यांत घट्ट बसवली. डावीकडचा बोळा जरा जोर लावून आत ढकलावा लागला. आजोबा तेव्हा अंघोळीला गेले होते. पाण्याचं त्यांनी बजावलेलं मला आठवत होतं. एवढ्याशा ओलाव्यानं काय होतंय, असं वाटलं.

पूजा फार सुरेख झाली. मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. तुम्ही दोघांनी त्यावर लाल हृदय टाकलं होतंत.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरवताना मी फुलं ओढली. उजवं फूल कापसासकट आलं. डावं फूल नुसतं देठासकट आलं. कापूस पाटाखाली वगैरे पडला असेल असं मी मनात म्हटलं आणि पाट उचलूनही पाहिला नाही. मला तुम्ही नीटनेटकी म्हणता. डब्यावरची चिठ्ठी उलटी लागली तरी मला चैन पडत नाही. त्या दिवशी बाहेर आजोबा गाडी सुरू करून हॉर्न वाजवत होते.

दसऱ्याला रेंजवर सगळे सहकुटुंब येत. मी थर्मास घेऊन मागच्या खुर्चीवर बसले होते. आजोबांची पाळी आली. एकामागून एक दोन तबकड्या. पहिली उजव्या नळीनं, फुटली. दुसरीला आवाज वेगळा आला, जाड, दबल्यासारखा, आणि आजोबा दोन पावलं मागे आले. डावा हात त्यांनी झटकला. सगळे धावले. बोटांना मुंग्या आल्या होत्या, कानात शिट्टी वाजत होती. बाकी काही नाही. एक मित्र म्हणाला, "काय राव, दसऱ्याची तोफ उडवली का?" मग त्याची नजर नळीकडे गेली आणि त्यानं तिकडे बोट दाखवलं. तोंडापासून वीतभर मागे, डाव्या नळीला चौफेर फुगवटा आला होता. नळीनं अंगठी घातल्यासारखा. धातू जरा कमी प्रतीचा असता तर तिथे फाटला असता आणि आजोबांचा डावा हात तिथून फार दूर नव्हता.

"मिस्तरीनं जिथे खरवडलं त्याच्या मागेच," आजोबा म्हणाले. "म्हातारपणी डोळ्यांनी दिसत नाही तर काम घ्यायचं कशाला?"

तिथे जमलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. त्या सगळ्यांच्या बंदुका मिस्तरींकडेच जात.

संध्याकाळी आपट्याची पानं देऊन-घेऊन झाल्यावर मी फोन उघडला. ग्रुपवर आदल्या दिवशीचा तोच फोटो. मी तो मोठा करून पाहिला. डाव्या नळीच्या तोंडाशी, झेंडूच्या पाकळ्यांखाली, कापसाची पांढरी कड दिसत होती. मला सगळं समजलं. बोळा चोकच्या अरुंद तोंडातून आत गेला, आत मोकळी जागा मिळाल्यावर फुलला आणि ओढताना तिथेच राहिला. मी माझ्या फोनातून तो फोटो काढून टाकला.

दोन दिवसांनी आजोबा मला घेऊन मिस्तरींकडे गेले. नळी त्यांच्यासमोर ठेवली. मिस्तरींनी फुगवट्यावरून बोट फिरवलं, मग भिंग घेतलं, मग पुन्हा बोट.

"साहेब, मारायच्या आधी नळी बघितली होती?"

"तुम्ही मला शिकवणार का आता? मी स्वतः साफ करून ठेवली होती."

"साफ केली ते खरं. बघितली होती का?"

"मिस्तरी, चूक झाली तर झाली म्हणा. हात गेला असता माझा!"

मिस्तरी माझ्याकडे वळले. "वहिनी, आत काही गेलं नव्हतं ना? तुम्हाला ठावं असेल तर सांगा."

मी म्हणाले, "नाही."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "मग माझंच माप चुकलं." त्यांनी हात जोडले. आजोबांना नाही, नळीला.

मी का बोलले नाही, हे तुम्ही विचाराल. भीती होतीच, पाण्याचं बजावलेलं मी मोडलं होतं. पण खरं कारण भीती नव्हतं. या घरात माझ्या हातून चूक होत नाही, असा एक समज होता आणि तो मीच इतकी वर्षं जपला होता. मला वाटलं, नळी तर गेलीच, आता सांगून कुणाचं भलं होणार? मिस्तरींना आणखी गिऱ्हाइकं आहेत. असं मी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत स्वतःला सांगत राहिले.

संक्रांतीनंतर मी द्वारकेला काही खरेदीसाठी गेले होते. पाय आपोआप मागच्या गल्लीत वळले. दुकान बंद. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, "मिस्तरींनी काम सोडलं. दिवाळीपासून शटर उघडलं नाय." मी घराचा पत्ता विचारला आणि तिथे गेले.

त्यांच्या सुनेनं दार उघडलं. मिस्तरी ओसरीवर बसून मटार सोलत होते.

"या वहिनी. साहेबांचा कान कसा हाय?"

"बरा आहे. मिस्तरी, दुकान का बंद?"

"डोळ्यानं दगा दिला. यावेळी नळी फुगली, पुढच्या वेळी कुणाचा हात जायचा. हत्यारं मालेगावच्या एका कारागिराला देऊन टाकली." ते शेंगेकडे बघत बोलत होते. "जेवताना ताटात बघतो आन् वाटतं, हे तरी मला नीट दिसतंय का?"

मी उभ्यानंच सांगितलं. झेंडू, कापूस, देठ, फोटो. सांगताना मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

मिस्तरींनी हातातली शेंग खाली ठेवली.

"ओला होता?"

"हो."

"केवढा?"

मी अंगठ्याचं पेर दाखवलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही नाय म्हणालात."

"हो."

सून आतून चहा घेऊन आली. मिस्तरी तिला म्हणाले, "राहू दे. त्या निघाल्यात." मी निघाले. दारापर्यंत गेल्यावर त्यांचा आवाज आला, "साहेबांना तुम्ही सांगा. मी नाय सांगणार."

त्याच दुपारी मी आजोबांना सांगितलं. ते जेवून पेपर वाचत होते. त्यांनी पेपर घडी करून ठेवला, उठले, आतून नळ्या आणल्या आणि खिडकीकडे धरून डावीतून पाहिलं. इतक्या महिन्यांनी पाहून काय दिसणार होतं? पण ते पाहत राहिले.

"मी पाहिलं नव्हतं," ते म्हणाले.

"अहो, काय?"

"त्या दिवशी. नळीतून. आदल्या दिवशी साफ केलेली, म्हणून तशीच काडतुसं भरली. मिस्तरींनी विचारलं तेव्हा म्हणूनच ओरडलो."

इतक्या वर्षांच्या संसारात इतकं ओशाळं होऊन आम्ही एकमेकांसमोर कधी बसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी आजोबा मिस्तरींच्या घरी गेले. मीही गेले. त्यांनी माफी मागितली तेव्हा मिस्तरी नुसती मान हलवत होते. त्यांना माफीत गोडी वाटत नव्हती. त्यांना हवं होतं ते निराळंच. ट्रंकेतून त्यांनी मापांची वही काढली आणि म्हणाले, "मालेगावला चला. कापूस होता ते तुम्ही सांगितलं. पण माप बरोबर होतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाय."

तिघं गाडीनं मालेगावला गेलो. ज्या कारागिराला त्यांनी हत्यारं दिली होती त्याच्या टेबलावर नळी ठेवली. कारागीर आदरानं मापाचं यंत्र मिस्तरींच्या पुढे सरकवू लागला.

"मी नाय," मिस्तरी म्हणाले. "तू माप. तू वाच. मोठ्यानं वाच."

त्यानं फुगवट्याच्या पुढे, जिथे धातू हललेला नव्हता आणि जिथे खरवडलं होतं, तिथे चार बाजूंनी माप घेतलं आणि आकडे वाचले. मिस्तरींनी वही माझ्या हातात दिली होती. प्रत्येक आकड्याला मी वहीत पाहायचं आणि सांगायचं, असं ठरलं होतं. हे काम त्यांनी मलाच का दिलं, ते मला कळलं.

"बरोबर," मी म्हणाले. पुन्हा, "बरोबर." चौथ्या वेळी माझा आवाज नीट निघाला नाही, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, ऐकू आलं नाय." मी पुन्हा म्हणाले.

"माझं माप बरोबर होतं," मिस्तरी म्हणाले. एकदा कारागिराला, एकदा आजोबांना. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

कारागिरानं हत्यारं परत न्यायचा आग्रह केला. त्यांनी घेतली नाहीत. हात आता सुटला, म्हणाले. तीन महिने भीत राहिलेला हात पुन्हा बंदुकीवर ठेवू नये. त्यांचं दुकान पुन्हा उघडलं नाही. आजोबांनी पुढच्या रविवारी रेंजवर सगळ्यांसमोर उभं राहून खरं काय झालं ते सांगितलं, माझंही आणि स्वतःचंही. पण गेलेलं काम त्यानं परत आलं नाही. ते माझ्यामुळे गेलं आणि तसंच गेलेलं राहिलं.

त्या दिवशी मालेगावहून परतताना चांदवडच्या घाटाखाली एका हॉटेलात चहाला थांबलो. वेटरनं तीन कप टेबलाच्या एका टोकाला ठेवले. मिस्तरींनी एक उचलून माझ्यापुढे सरकवला. "घ्या वहिनी, निवतोय," म्हणाले.

ती बंदूक पुन्हा कुणी चालवली नाही. आजोबा गेल्यावर मी ती परवान्यासकट पोलिसांकडे जमा केली.

तर तुझं उत्तर. अंगाला बसणारी घे, मधल्या वजनाची घे, नळ्यांचा आवाज ऐकून घे, तुमच्या गावात दुरुस्त होईल अशी घे. कुणाची बनावट ते त्यानंतर बघ. आणि बंदूक घेतलीस की माझं एक काम कर. खंडेनवमीचा तो फोटो माझ्याकडे नाही, पण ग्रुपवर तुमच्या फोनात अजून असेल. तो शोध. डाव्या नळीच्या तोंडाशी पांढरी कड दिसते का बघ. तो छापून घे आणि बंदुकीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटव, म्हणजे प्रत्येक वेळी झाकण उघडलं की आधी तो दिसेल.